निम्मे गुण

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)

व्यासपीठावरच्या सर्व बाई आणि सर, आणि समोर बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे. तेव्हा इथं उभं राहिलं की गुडघे थरथरायचे. आजही तसंच होतंय, फक्त आता त्याला संधिवात म्हणतात.

संयोजकांचा फोन आला तेव्हा म्हणाले, "तू तिकडं बेल्जियमला असतेस. तिकडचं काहीतरी सांग. चॉकलेट सोडून काहीही चालेल." मी दोन दिवस विचार केला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यावर बोलले तर तुम्ही जेवणाच्या हॉलकडं निघून जाल. म्हणून ठरवलं, फुटबॉलवर बोलायचं. कोल्हापुरात उभं राहून फुटबॉलवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथं रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पीटीचे सर आत्ताच हसायला लागलेत.

सर, तुम्हाला आठवत असेल, आपल्या वेळी मुलींचा आणि फुटबॉलचा संबंध एवढाच, की सामन्याच्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा असायचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणचा सामना असला की बाबा आणि दादा दुपारीच निघायचे. मी आणि आई गच्चीवर. आरडाओरडा केवढा आला आणि किती वेळ टिकला, यावरून गोल आपला की त्यांचा हे आई सांगायची. तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. पण गॅलरीत बसून सामना बघणं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

२०१८ साली कामानिमित्त मी ब्रसेल्सला गेले. ब्रसेल्स शहर म्हणजे एकोणीस नगरपालिकांचा समूह. त्यातल्या सँ-जिल नावाच्या भागात आम्ही घर घेतलं. क्षेत्रफळ अडीच चौरस किलोमीटर. आपल्या दोनतीन पेठा एकत्र केल्यासारखं. चढउताराचे रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे, आणि खालच्या मजल्यावर एक आजोबा. आज त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या दारावर पिवळ्या-निळ्या रंगाचा एक जुना मफलर खिळ्याला टांगलेला असायचा. मला वाटलं, थंडीचा असेल. नंतर कळलं, तो पेठेचा झेंडा होता.

त्या पेठेच्या संघाचं नाव युनियन सँ-जिल्वाज. लोक नुसतं 'युनियन' म्हणतात. स्थापना १८९७ ची. एकेकाळी हा बेल्जियमचा सगळ्यात दांडगा संघ होता. १९३५ पर्यंत अकरा वेळा राष्ट्रीय विजेता. १९३३ ते १९३५ या काळात ओळीनं ६० सामने त्यांना कुणी हरवू शकलं नाही. आणि मग उतरती कळा लागली. १९७३ साली ते पहिल्या श्रेणीतून खाली गेले. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं खालच्या श्रेणींत. शहरात मोठा संघ म्हणजे अँडरलेख्त. युनियनला जायचं म्हणजे जुन्या देवळात जायचं, तसं. देव आहे, पण गर्दी नाही.

२०२१ साली युनियन पुन्हा पहिल्या श्रेणीत आला. त्याच वर्षी शरद ऋतूत आजोबा मला म्हणाले, "चला, दाखवतो." वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा फुटबॉलच्या मैदानात पाऊल टाकलं. कोल्हापूरची मुलगी, आणि पहिला सामना बघितला ब्रसेल्समध्ये. दादाला फोन करून सांगितलं तर तो अर्धा मिनिट गप्पच.

त्या मैदानाचं नाव जोसेफ मारिएन स्टेडियम. माणसं मावतात जेमतेम नऊ हजार. युरोपातल्या स्पर्धांचे नियम त्याला झेपत नाहीत, म्हणून ते सामने संघाला दुसऱ्यांच्या मैदानावर खेळावे लागतात. एका बाजूला ड्यूडन पार्कची टेकडी आणि झाडी. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले खेळाडू. मी उभ्यानं सामना बघायच्या भागात होते. गोल झाला, आजूबाजूला एकदम आवाज उठला, आणि मला आईची आठवण झाली. आतून तो आवाज कसा असतो ते तिला कधीच कळलं नाही.

आता मुद्द्यावर येते. गणिताच्या बाई, हे खास तुमच्यासाठी.

बेल्जियमच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये २००९-१० च्या हंगामापासून एक विचित्र नियम होता. आधी सगळे संघ एकमेकांशी दोनदा खेळायचे. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. तिथवर जगासारखंच. पण त्यानंतर वरच्या संघांची वेगळी फेरी व्हायची, तिला प्लेऑफ म्हणायचे, आणि तिच्यात शिरताना प्रत्येकाचे गुण निम्मे करायचे. वर्षभर घाम गाळून तुम्ही ७० मिळवले असतील तर ३५ घेऊन आत या. आणि ५५ असतील तर साडेसत्तावीस यायचे, त्याचे अठ्ठावीस करायचे. म्हणजे अर्धा गुण वर ढकलायचे. बाई, तुम्ही पाच वर्षांत कुणाचा अर्धा मार्क वर ढकलला नाहीत. पण ऐका, तिथंही फुकट नव्हतं. शेवटी दोन संघांचे गुण समान झाले, तर हा उसना दिलेला अर्धा गुण आधी वजा करायचे. हे वाचलं तेव्हा मला बाईंची लाल शाई दिसली.

या नियमामागचा हेतू असा, की पहिला नंबर फार पुढे निघून जाऊ नये. शेवटपर्यंत चुरस राहावी, मैदानं भरावीत, टीव्हीवाल्यांचे पैसे वसूल व्हावेत.

मी शाळेत दुसरी यायचे, तुम्हाला माहीत आहे. पहिली आलेली समोरच बसली आहे. आम्ही मार्कांवर वाढलेली माणसं. मिळवलेला मार्क आपला, तो कुणी काढून घेऊ शकत नाही, एवढी एक श्रद्धा. त्यामुळे हा नियम कळला तेव्हा माझं डोकंच फिरलं. आणि पुढची तीन वर्षं या नियमानं माझ्याच पेठेला छळलं.

२०२१-२२. अठ्ठेचाळीस वर्षांनी वर आलेला संघ, आणि पहिल्याच हंगामात ३४ सामन्यांत ७७ गुण, यादीत पहिला. दुसरा क्लब ब्रुगे, ७२ गुण. पाच गुणांची आघाडी. निम्मे केल्यावर ३९ आणि ३६, म्हणजे तीन उरली. मे महिन्यात चार दिवसांत ब्रुगेनं युनियनला दोनदा हरवलं. विजेता ब्रुगे.

२०२२-२३. शेवटचा दिवस, ४ जून. अँटवर्प, युनियन आणि गेंक, तिघांनाही संधी. मी सँ-जिलच्या चौकातल्या कॅफेत टीव्हीसमोर. ब्रुगेविरुद्ध ८९ व्या मिनिटापर्यंत युनियन १-० नं पुढे, म्हणजे विजेता युनियन. तेवढ्यात ब्रुगेनं गोल केला आणि कागदावर विजेता गेंक झाला, कारण तिकडं गेंक अँटवर्पविरुद्ध २-१ नं पुढे होता. आणि मग ९४ व्या मिनिटाला अँटवर्पच्या टोबी आल्डरवेरेल्डनं लांबून असा फटका मारला, की विजेता अँटवर्प. १९५७ नंतर पहिल्यांदा. सहासात मिनिटांत करंडक तीन गावं फिरून आला. आमच्या कॅफेत कुणी ग्लास खाली ठेवल्याचासुद्धा आवाज झाला नाही. आजोबा उठले आणि मफलर खिशात कोंबून घरी गेले.

२०२३-२४. युनियन पुन्हा पहिला, ७० गुण. ब्रुगे चौथा, ५१ गुण. एकोणीस गुणांचा फरक. निम्मे केले : ३५ आणि २६. विजेता कोण? ब्रुगे. त्या वर्षी युनियननं बेल्जियन कप जिंकला, ११० वर्षांनी. पण आजोबा म्हणाले, "कप म्हणजे जत्रेतली कुस्ती. लीग म्हणजे वर्षभराचा आखाडा." मी त्यांना कोल्हापूरबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, वाक्य जवळजवळ असंच होतं. आपल्याकडे फुटबॉलचे संघ तालमींतून जन्माला आले, हे नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तुम्हाला समजावण्याची गरजच नाही.

आता २०२४-२५ चा हंगाम. खरं तर मला याच एका हंगामाबद्दल बोलायचं आहे.

उन्हाळ्यात प्रशिक्षक जर्मनीला निघून गेले. त्यांच्या जागी सेबास्तियाँ पोकोन्योली आले. सगळ्यात जास्त गोल करणारा अमोरा गेला, मधल्या फळीतला पुएर्टास गेला. युनियनचं हे दरवर्षीचंच. मालकमंडळी इंग्लंडची, आकडेवारीवर विश्वास ठेवणारी. ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही असे खेळाडू माहिती तपासून शोधायचे, घडवायचे, आणि मोठ्या संघांना विकायचे. पहिल्या वर्षी गोलांचा धडाका लावणारा डेनिझ उंडाव जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीतून आणलेला होता. या हंगामात गोल करणाऱ्यांत पुढे असलेला प्रॉमिस डेव्हिड हा कॅनडाचा मुलगा, तो इस्टोनियातून आणला. बचावातला उंच बर्जेस इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतला. माझ्यासारख्या इंजिनियरला हे वाचायला फार आवडतं. पण दरवर्षी घडी विस्कटायची आणि पुन्हा बसवायची, याचा त्रास मैदानावर दिसतो. त्या वर्षी सुरुवातीला बरोबरीमागून बरोबरी. आजोबा म्हणायचे, "हे लोक जिंकायला विसरले."

त्याच ऑक्टोबरात माझी नोकरी गेली.

कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही. एका शुक्रवारी पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग झाली. आमचा पूर्ण विभाग बंद करायचं ठरलं होतं. मी त्या विभागात एकवीस माणसांचं काम बघत होते. बँकांच्या पैशांच्या व्यवहारांची प्रणाली, बारा वर्षं तीच. सोमवारी लॅपटॉप परत केला. वय पंचेचाळीस. नवऱ्याची नोकरी होती, त्यामुळे चूल पेटत राहिली, हे आधी सांगते. उपाशी मरायची वेळ नव्हती. पण शाळेत दुसरी येणाऱ्या मुलीला काय झालं असेल ते तुम्ही ओळखा.

चाळीसएक ठिकाणी अर्ज केले. उत्तरं आली त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं : फ्रेंच किंवा डच येतं का? सहा वर्षं त्या देशात राहून मी इंग्रजीवर भागवलं होतं. भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं फ्रेंच यायचं. मीटिंगमध्ये बोलण्यापुरतं नाही.

मी आपल्या ग्रुपवर लिहिणं बंद केलं. तुम्ही सगळे मुलांच्या बारावीचे निकाल टाकत होता, नवीन गाड्यांचे फोटो टाकत होता, मी अंगठासुद्धा दाखवत नव्हते. कुणाला सांगणार? या ग्रुपमध्ये मी 'बेल्जियमची' होते.

जानेवारीत एक फोन आला. आता हे सांगायला मला त्या व्यक्तीची परवानगी आहे. अट एकच, नाव घ्यायचं नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्ता खाली बघते आहे.

पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. डबा एक, कंपासपेटी एक. १९९५ च्या जूनमध्ये निकाल लागला. मी शाळेत दुसरी. ती गणितात गेली. बाबांनी पेढे आणले, मी आणि आई वाटायला निघालो. मंगळवार पेठेत तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. आई म्हणाली, "जाऊन ये जरा तिच्याकडं." मी म्हणाले, "नको, तिला वाईट वाटेल." आणि आम्ही सरळ पुढे गेलो.

तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की तिला वाईट वाटू नये म्हणून गेले नाही. खरं कारण ते नव्हतं. पंधराव्या वर्षी मी मनात एक गुणतक्ता लावला होता. त्यात मी वर होते, ती खाली होती, आणि तो तक्ता आता बदलणार नाही असं मी धरून चालले होते. त्यानंतर मी कॉलेजला गेले, इंजिनियरिंगला गेले, पुण्याला, परदेशात. तिला भेटले थेट ग्रुप तयार झाल्यावर, तेही फोनवर.

जानेवारीत ती म्हणाली, "काय गं, तीन महिने झालं ग्रुपवर तुझा शब्द नाही. बरी हाईस न्हवं?" मी म्हणाले, कामाचा ताण आहे. ती म्हणाली, "खोटं बोलू नगंस." मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सगळं गेलं गं. वीस वर्षांचं सगळं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सगळं कसं जाईल? मी नापास झाले तवा माझा एकच विषय राहिला हुता. बाकीच्या विषयांचे मार्क बोर्डानं काढून घेतले न्हवते. ऑक्टोबरला मी एकाच पेपराला बसले. तुझा कुठला पेपर राहिलाय, तेवढं सांग."

मी म्हणाले, "फ्रेंच."

"मग फ्रेंचला बस."

एवढंच. फोन ठेवला. तिला मसाल्याच्या ऑर्डरी होत्या. तिचा कांदा-लसूण मसाल्याचा उद्योग तुम्हाला माहीत आहे. अकरा बायका तिच्याकडं कामाला आहेत. या तीस वर्षांत माझ्या मनातल्या तक्त्यावर तिचं नाव मी ठेवलं होतं तिथंच होतं. ती मात्र केव्हाच तिथून निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेच्या संध्याकाळच्या फ्रेंच वर्गात नाव घातलं. वर्गात मोरोक्कोची एक आजी, ब्राझीलचा गवंडी, आणि मी. खालच्या आजोबांनी रोज अर्धा तास बोलण्याचा सराव घेतला. पाठ्यपुस्तक नव्हतंच, फुटबॉलवर बोलायचं. त्यामुळे मला 'आगाऊ सूचना' यासाठी फ्रेंच शब्द आठवत नसे, पण 'ऑफसाइड' आणि 'रेफरीला दिसत नाही का' अस्खलित यायचं.

मार्चमध्ये नोकरी मिळाली. सॉफ्टवेअर तपासणीच्या विभागात. हाताखाली कुणी नाही. वर जो प्रमुख, त्याचं वय एकोणतीस. पगार आधीपेक्षा बराच कमी. पहिल्या दिवशी त्यानं मला कोड कुठं ठेवतात ते समजावलं, आणि मी मान डोलावली.

त्याच महिन्यात लीगची पहिली फेरी संपली. ३० सामने झाले. गेंक ६८, ब्रुगे ५९, युनियन ५५. पेठेचा संघ तिसरा. पहिल्याच्या तेरा गुण मागे. आणि मग नेहमीची कात्री फिरली. गेंक ३४. ब्रुगे साडेएकोणतीसचे ३०. युनियन साडेसत्तावीसचे २८. तेरा गुणांचा फरक सहा झाला.

मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर तो तक्ता बघत होते. तीन वर्षं या नियमाला शिव्या घातल्या होत्या. आणि या वर्षी तोच नियम आमच्या बाजूनं उभा होता. मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली. आपण पुढे असलो की निम्मे करणं म्हणजे अन्याय, आणि मागे असलो की ती संधी. नियम तोच, कात्री तीच. गेंकच्या माणसाला विचाराल तर तो आजही म्हणेल की हा नियम चुकीचा होता, आणि त्याचं म्हणणं खोडून काढणं मला जमणार नाही. वर्षभर पहिलं राहणाऱ्यावर तो अन्याय करायचाच.

पण त्या दिवशी मला दुसरी गोष्ट दिसली, जी तीन वर्षांत दिसली नव्हती. निम्मे करतात. शून्य करत नाहीत. सप्टेंबरातल्या एखाद्या रटाळ सामन्यात, पावसात, कसाबसा मिळवलेला एक गुण, त्याचाही अर्धा हिस्सा त्या २८ मध्ये होता. तिनं फोनवर जे सांगितलं, तेच तक्त्यावर लिहिलं होतं. फक्त तिनं ते फुटबॉल न बघता सांगितलं होतं.

पुढे काय झालं ते आता इतिहासात आहे. वरच्या सहा संघांची फेरी, प्रत्येकाला दहा सामने. युनियननं दहापैकी नऊ जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकही हरला नाही. तीसपैकी अठ्ठावीस गुण. कात्रीनं दार किलकिलं केलं होतं खरं, पण आत जायला नऊ विजय लागले. ते कुणी उसने दिले नव्हते.

२५ मे २०२५, रविवार. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, गेंट संघाविरुद्ध. आजोबांकडे हंगामाचं तिकीट होतं, मला मिळालं नाही. मी पुन्हा त्याच कॅफेत, दोन वर्षांपूर्वीच्याच खुर्चीवर. अपशकुन होईल म्हणून मुलगी म्हणत होती, जागा बदल. मी बदलली नाही. युनियन ३-१ नं जिंकला. नव्वद वर्षांनी विजेता. बारावं विजेतेपद.

रस्त्यावर माणसं आली. तुम्ही म्हणाल, मिरवणूक कशी होती? गुलाल नव्हता, हलगी नव्हती, बाकी सगळं होतं. गाड्यांचे भोंगे, गॅलऱ्यांतून टांगलेल्या पिवळ्या-निळ्या चादरी, ओळख नसलेली माणसं गळ्यात पडत होती. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरला. तो म्हणाला, "आमच्या पेठेगतच की."

आजोबा रात्री उशिरा आले. जिन्यात भेटले. १९३५ साली संघ जिंकला तेव्हा त्यांचे वडील पंधरा वर्षांचे होते. त्या विजयाच्या गोष्टी ऐकतच आजोबा लहानाचे म्हातारे झाले. मला वाटलं, रडतील. त्यांनी मफलर काढला, खिळ्याला टांगला, आणि म्हणाले, "जुलैमध्ये सगळे पुन्हा शून्यावर." आणि मांजराला खायला घालायला आत गेले.

मी जिन्यात उभी राहून त्या वाक्याचा विचार केला. नव्वद वर्षांच्या आनंदाची मुदत दोन महिने. यादीतला पहिला आणि शेवटचा, जुलैमध्ये एका ओळीत उभे. लीगवाल्यांना जे दरवर्षी करता येतं, ते मला तीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. मी १९९५ च्या जूनमधला तक्ता खाली उतरवलाच नव्हता.

आज या हॉलमध्ये आपण सगळे बसलोय. कुणाचा धंदा बुडाला, कुणाचा जोडीदार गेला, कुणाच्या अँजिओप्लास्टी झाल्या, कुणाची मुलं बोलत नाहीत. पन्नाशी जवळ आली की प्रत्येकाच्या गुणांवर कधी ना कधी कात्री फिरलेली असते. ग्रुपवर आपण ते टाकत नाही, फोटो टाकतो. माझी एक विनंती आहे. कुणी तीन महिने गप्प दिसलं, तर फोन करा. आणि 'कसं चाललंय' एवढंच विचारू नका. 'कुठला पेपर राहिलाय' ते विचारा.

बाई, सर, तुम्ही आम्हाला मार्क मिळवायला शिकवलंत, त्याबद्दल आम्ही जन्मभर ऋणी आहोत. मिळवलेले मार्क निम्मे झाल्यावर काय करायचं, ते मला तुमच्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसलेल्या मुलीनं शिकवलं. म्हणजे तेही या शाळेच्याच खात्यावर जमा.

संयोजकांनी चॉकलेट नको म्हणून सांगितलं होतं. मी आणलेलं नाही. आज सकाळी महाद्वार रोडला जाऊन पेढे घेतले आहेत. एक पुडा तिसऱ्या रांगेत द्यायचा आहे. गल्लीच्या तोंडाशी थांबून मागं फिरले होते, ते आज आत येते आहे. तीस वर्षं उशीर झाला, माफ कर.

बाकीचे पेढे सगळ्यांना आहेत. पीटीच्या सरांना साखर आहे, त्यांना निम्माच द्या.